केशरआत्याच्या खळ्यावर

विमानतळाच्या बाहेर पडायच्या दाराशी माणसं हातात पाट्या घेऊन उभी असतात. पाटीवर पाहुण्याचं नाव, नाहीतर हॉटेलचं. त्याच रांगेत आमची केशरआत्या कमरेवर पितळी कळशी घेऊन उभी असायची. एका हातात तांब्या, पदराच्या टोकाला बांधलेले गुळाचे खडे. काचेचं दार सरकलं आणि चाकांच्या बॅगा ओढत माणसं बाहेर यायला लागली की पाटीवाले पाट्या उंच करायचे आणि आत्या समोर येईल त्याला विचारायची, “कोन गावचं पाव्हनं?”

पाव्हनं चेन्नईचं असायचं, हैदराबादचं असायचं, कधी दिल्लीचं. देवदर्शनाला निघालेलं, घाईतलं. त्याला प्रश्न कळायचा नाही आणि आत्याला त्याचं उत्तर कळायचं नाही. तरी ती “आसं व्हय! लई लांबून आला,” म्हणायची आणि तांब्या पुढं करायची.

मी त्या विमानतळावर गाडी चालवतो. गाडी माझी स्वतःची, घर कोल्हारला. सकाळी निघायचं, गाड्यांच्या रांगेत नंबर लावायचा आणि विमानाची वाट बघत पेपर चौथ्यांदा वाचायचा, असा माझा धंदा. आत्या तिथं पहिल्यांदा आली त्या दिवशी शेजारच्या गाडीवाल्यानं माझ्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, “दत्ता, दारात एक म्हातारी जवानाशी भांडतीय. नाक तुझ्यासारखंच हाय. बघ बरं.”

आमच्या घराण्याचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मी पळत गेलो.

दारापाशी बंदूकवाला जवान उभा होता. बिहारकडचा उंच माणूस, मिशी भरघोस, पण घाबरलेला. तो म्हणत होता, “माताजी, इधर खड़ा रहना मना है।”

“तुला मना आसंल,” आत्या म्हणाली. “मी काय इमानतळावर आले न्हाई. मी आमच्या खळ्यावर आलेय.”

जवानानं माझ्याकडं बघितलं. मी हिंदीत सांगायला गेलो आणि खळ्यापाशी अडकलो. मळणी करतात ती जागा, बैल फिरतात ती, असं हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, “खलिहान?”

“हां. खलिहान. यहीं था. इनका.”

जवानानं खाली बघितलं. खाली चकचकीत ग्रॅनाइट होतं. त्यानं त्या फरशीकडं बराच वेळ बघितलं, मग आत्याकडं. आत्या तेवढ्यात त्याला म्हणाली, “आरं, तूबी लांबनंच आला आसशील. कोन गाव तुजं?” आणि कळशी वाकवली. जवानानं बंदूक पाठीवर सरकवली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ओंजळीनं घटाघट पाणी प्यायला. घरी प्यायची सवय असलेलाच माणूस तसा पितो. त्या दिवसापासून आत्या त्याला ‘जमादार’ म्हणायला लागली आणि तो तिला दारापासून चार पावलं लांब उभं राहू द्यायला लागला.

आता हे खळं काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे.

केशरआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला दिली होती खैरदऱ्याला. खैरदरा आता नाही. जिरायती गाव होतं, ज्वारी-बाजरीचं, पाणी कमी आणि दगड जास्त. जिल्ह्याला विमानतळ हवं, असं ठरलं आणि सपाट माळ शोधत शोधत बोट त्या गावावर येऊन टेकलं. जमिनी गेल्या, घरं गेली. नियमानं जे मिळायचं ते सगळ्यांना मिळालं, त्याबद्दल आत्या कधी तक्रार करायची नाही. दोन किलोमीटरवर नवं गावठाण वसलं. सिमेंटची घरं, प्रत्येकाला नळ, दारात पेव्हर ब्लॉक. रंगनाथमामा म्हणजे आत्याचे यजमान. दोघं तिथल्या सातव्या घरात राहायला गेले. मूलबाळ नव्हतं.

विमानतळ सुरू व्हायच्या आधी गावकऱ्यांना एक दिवस आत फिरवून आणलं होतं. बाकीचे वर छताकडं बघत होते. आत्या चपला हातात घेऊन खाली बघत चालत होती. काचेतून म्हसोबाची टेकडी दिसत होती, जुन्या गावातली तेवढी एकच खूण शिल्लक राहिलेली. तिच्यावर नजर ठेवून, पावलं मोजत तिनं अख्खा जुना गाव त्या इमारतीत परत मांडला. तेव्हापासून विमानतळाचा नकाशा साहेबांपेक्षा तिला जास्त पाठ.

“जितं बॅगा मापत्यात ना, तितं आमचा गोठा हुता,” ती मला सांगायची. “आत्ताबी तितं दावनीला बांधल्यावानी रांगच आसती.” चहाचं दुकान शेजारच्या देवरामच्या चुलीवर. साहेबाची केबिन उकिरड्यावर. आणि जिथं प्रवाशांना थांबवून तपासतात, ती जागा म्हणजे तिची न्हाणी. “मोठी मोठी मान्सं येत्यात,” ती पदर तोंडाला लावून हसायची, “आन् माज्या न्हानीत हुबं राहून कंबरपट्टं काढत्यात.”

विमान उतरताना ती कळशी खाली ठेवून बघायची. इतर लोक म्हणायचे, लँड झालं. आत्या म्हणायची, “सोपानच्या इहिरीवर टेकलं.” वारा फिरला आणि विमान उलट्या अंगानं आलं, तर म्हणायची, “आज म्हसोबाकडनं आलं. सवळ्याच्या वावरात टेकलं. तितं कायमच चिखल आसायचा, संबाळून टेकाया पायजे.” धावपट्टीला एवढं समजून घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

विमानतळाचा सगळा इतिहास तिच्याकडं होता. खळ्यावरची चिंच पाडायला दीड दिवस कसा लागला. विहीर बुजवताना शेवटच्या डंपरच्या आधी आत बेडूक कसा ओरडत होता. पहिलं विमान चाचणीला आलं, लहानसं, पांढरं. तेव्हा नवं गावठाण झाडून सगळं गच्चीवर चढलं होतं. कुणी शिव्या देत होतं, कुणी मोबाईलवर फोटो काढत होतं. आत्या भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन गच्चीवर गेली आणि विमान टेकल्याबरोबर तुकडा ओवाळून लांब टाकला. शेजारची बाई चिडून म्हणाली, “अवो काकू, आपली घरं खाल्ली त्यानं, आन् तुमी त्याची दिष्ट काढताय?”

“आता आलंय ना दारात,” आत्या म्हणाली. “आल्यावं पाव्हनंच.”

तिचा सगळा कायदा एवढाच होता. आपल्या वावरात पाय ठेवला तो पाहुणा, आणि पाहुण्याला पाणी न विचारता जाऊ द्यायचं नाही. वावर सरकारचं झालं, हे तिला मान्य होतं. पाणी विचारायचं काम सरकारनं घेतलंय, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दहातले नऊ प्रवासी तिला टाळून जायचे. त्यांच्या हातात बाटल्या असायच्या. कुणी दहाची नोट पुढं करायचं. मग आत्या माझ्या नावानं हाका मारायची. “दत्तू, ह्येला सांग, पान्याचं पैसं घेत न्हाई आमी. ह्येच्या गावाला घेत असत्याल!” मी जाऊन माफी मागायचो, बऱ्याचदा त्याच माणसाला भाडं म्हणून गाडीत घालायचो. त्यामुळं माझा धंदा मात्र वाढला.

एकदा तर कहरच झाला. दक्षिणेकडची एक मोठी मंडळी उतरली, चाळीसेक माणसं, कपाळावर गंध लावलेली. पुढच्या आजोबांनी आत्याला बघितलं, कळशी बघितली, गूळ बघितला, आणि हे देवस्थानाचंच काहीतरी असणार, असं समजून चपला काढल्या. उजव्या हाताचा तळवा पुढं केला. आत्यानं खूश होऊन पाणी घातलं. आजोबांनी ते डोळ्यांना लावलं, थेंबभर प्यायले आणि उरलेलं डोक्यावर फिरवलं. झालं. मागं रांग लागली. चाळीस माणसं, चपला काढून, तळवे पुढं करून. एक बाई आत्याच्या पायाच पडली.

“अवो प्या! प्या ना!” आत्या ओरडत होती. “डोस्क्याला काय लावताय? तहानलेल्यानं प्यायचं आसतं!” पण मंडळींना वाटलं हा मंत्र आहे. ती आणखी भाविकपणे डोक्याला लावायला लागली. कळशी संपली. एकही माणूस नीट पाणी प्यायलं नाही. आत्या दिवसभर तणतणत होती. “येवढं चाळीस मान्सं आली, आन् यकाचाबी घसा वला झाला न्हाई.”

पुढं विमानतळावर नवीन साहेब आले. तरुण, नम्र माणूस. त्यांनी आत्याला हात जोडून सांगितलं, “आजी, आम्ही दाराशी थंड पाण्याचं मशीन बसवलंय. आता तुम्हाला एवढा त्रास नको.” आत्यानं मशीन चारी बाजूंनी बघितलं. बटण दाबून पाणी प्यायली.

“पानी थंड हाय,” तिनं कबूल केलं. “पर हे ईचारतं का, कोन गावचं?”

साहेब हसले. पिवळ्या रेघेच्या बाहेर उभं राहायचं, या अटीवर त्यांनी तिला राहू दिलं. आत्या रेघेला अंगठे टेकवून उभी राहायची. तिच्या मते ती रेघ बरोबर तिवड्याच्या जागी मारलेली होती. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरायचे. “साह्यबाला ठावं न्हाई,” ती मला हळूच म्हणाली, “पर जागा त्येनं बराबर दिलीय.”

आत्याचं हे असं, तर मामांचं अगदी उलट. मामा विमानतळाकडं बघायचेच नाहीत. ओट्यावरची त्यांची खाट अशी टाकलेली असायची, की धावपट्टीकडं पाठ होईल. विमान डोक्यावरून गेलं, की ते बोलता बोलता थांबायचे, आवाज विरेपर्यंत डोळे मिटून बसायचे आणि मग वाक्य तिथूनच पुढं सुरू करायचे. तशीही त्यांची वाक्यं थोडीच असायची. आत्या सकाळी कळशी घेऊन निघाली, की ते तिच्याकडंही पाठ करायचे. कधी अडवलं मात्र नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मी बायकोला, सुरेखाला, घेऊन त्यांच्याकडं जेवायला जायचो. सुरेखाला मामांचं फार कौतुक. कारण मामा जेवताना पाणी लागलं, की स्वतः उठायचे. ताटावरून उठून हंड्यापाशी जायचे, झाकण काढायचे, वगराळ्यानं पाणी घ्यायचे, उभ्यानं प्यायचे आणि परत येऊन बसायचे. ठसका लागला तरी उठायचे. एकदा तर खोकत खोकत, भिंतीला धरून गेले, पण आत्याला त्रास दिला नाही.

“शिका जरा,” सुरेखा मला सगळ्यांसमोर म्हणाली. “मामा येवढे वयस्कर, तरी हातानं पाणी घेतात. तुम्हाला बसल्या जागी ग्लास लागतो.”

“व्हय,” आत्या म्हणाली. “लई गुनाचे हायेत.” आणि कुकरचं झाकण काढायला उठली. त्यानंतर पंधरा दिवस मी घरी हातानं पाणी घेत होतो.

गेल्या उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बारा दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पाणी थोडं थोडं, पण वरचेवर पाजत राहा. खाट ओट्यावरून आत आणली. आणि मग एक विचित्र व्यवस्था सुरू झाली. सकाळी शेजारची शोभा येऊन मामांना पाणी पाजायची, दुपारी मी, संध्याकाळी देवराम. आत्या सगळं करायची. अंग पुसायची, कपडे बदलायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. पाणी मात्र आम्ही. मला वाटलं, मामांना तेवढंच चार माणसांचं तोंड दिसतं, म्हणून केलं असेल.

आत्या विमानतळावर यायची थांबली नाही. तासभर का होईना, यायचीच. मला बघितलं की म्हणायची, “दत्तू, तुज्या इमानाला टाइम हाय ना? घरी जाऊन ये. ह्यास्नी तहान लागली आसंल.”

एका दुपारी ऊन असं होतं, की गाडीचं स्टिअरिंग हाताला सोसवेना. माझ्यापुढं दोनच गाड्या होत्या. मी वैतागून तिला म्हणालो, “आत्या, तू इथं परक्या माणसांना पाणी पाजत उभी राहतेस. घरी नवऱ्याला पाजायचं सोडून?”

तेवढ्यात काचेचं दार सरकलं. तिनं पदर सारखा केला आणि बाहेर येणाऱ्या माणसाला विचारलं, “कोन गावचं पाव्हनं?” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मीही ते विसरून गेलो.

त्यानंतर आठवडाभरात ते घडलं. दुपारचं विमान यायचं होतं आणि माझं भाडं ठरलेलं होतं, सहा जणांचं कुटुंब. विमान आलं, वर दोन फेऱ्या मारल्या आणि वारा फार आहे म्हणून दुसरीकडं निघून गेलं. येईल, येईल म्हणत तीन तास गेले. मधे एकदा वाटलं, गावठाणात जाऊन यावं. पण नंबर जाईल, भाडं जाईल, म्हणून बसून राहिलो. आत्या त्या दिवशी आली नव्हती. शेवटी विमान उद्यावर गेलं, असं कळलं. तेव्हा चार वाजले होते. मी गावठाणात गेलो.

दार उघडं होतं. आत्या खाटेजवळ खाली बसली होती. हातात तांब्या होता. मामांच्या अंगावर धुतलेली चादर होती, गळ्यापर्यंत ओढलेली.

“गेले,” आत्या म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसलो. विचारलं, “कधी?”

“मगाशी.” मग थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं. “दुपारी पानी मागितलं. शोभा मायेरी गेलेली. देवराम तालुक्याला. तुजी वाट बघितली. इमान यीना, तू यीना. मग मी म्हनलं, मी देते. आता तरी घ्या.”

“मग?”

“मान फिरवली.”

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. आत्या तांब्यात बघत होती.

“मग जरा येळानं परत दिलं,” ती म्हणाली. “तवा न्हाई फिरवली मान. पर आत गेलं न्हाई रं दत्तू. कडंनं गेलं समदं.”

मी उशीला हात लावला. उशी एका बाजूनं ओली होती.

‘आता तरी’ या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. माणसं जमली, पुढचं सगळं झालं, दहावं झालं, तेरावं झालं. नातेवाईक आपापल्या गावाला गेले. चौदाव्या दिवशी मी तिच्याकडं गेलो, तर आत्या ओट्यावर बसली होती. मामांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. मी विचारलं, “आत्या, मामा तुझ्या हातचं पाणी पीत नव्हते?”

“न्हाई,” ती म्हणाली. कुणी विचारेल, याची इतकी वर्षं वाट बघत असल्यासारखं तिनं सगळं सांगितलं, पण आवाज अजिबात न चढवता.

विमानतळाची पहिली जीप आली, ती चैत्रातल्या उन्हात. गावानं देवळात बसून ठरवलेलं होतं. मोजणीवाल्यांशी कुणी बोलायचं नाही, बांध दाखवायचा नाही, प्यायला पाणी द्यायचं नाही. ते बोलून दाखवणारे मामाच होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मामा बाजाराला गेले आणि दुपारी जीप आली. चार माणसं दिवसभर उन्हात फिरत होती. कुणाच्या दारात गेली, की दार लागायचं. त्यांचा साहेब जाडा माणूस होता, छत्री घेऊन चालायचा. तो आत्याच्या खळ्यापाशी आला आणि चक्कर येऊन बसला तो आडवाच झाला.

“डोळं पांढरं केलं त्येनं,” आत्या म्हणाली. “मी काय करनार? चिंचंखाली घेतला. गूळ दिला, पानी दिलं. डोस्क्यावं वतलं. उठून बसला. मला म्हनला, मावशी, तुमचा बांध कुठवर हाय?”

“आणि तू दाखवलास?”

“ईचारलं तर काय खोटं सांगू? पाव्हना मानूस.”

त्या लोकांनी पहिली खुंटी तिथंच ठोकली, खळ्याच्या कडेला. संध्याकाळी मामा बाजारातून आले. त्यांनी खुंटी बघितली. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “पानी पाजलंस?” आत्या म्हणाली, पाजलं. मामा म्हणाले, “बरं केलंस. आता तुज्या हातचं पानी मला नको.”

“मला वाटलं, चार दिसाचा राग आसंल,” आत्या म्हणाली. “जेवायचे माज्या हातचं. धुन्याला कापडं टाकायचे. बाजारातनं येताना शेव-चिवडा आनायचे माज्यासाठी. सगळं करायचे. पानी तेवढं न्हाई.”

मला सुरेखाचं ते वाक्य आठवलं आणि मान वर करवेना. मी म्हणालो, “आत्या, नकाशे आधीच झाले होते. तू त्याला पाणी दिलं नसतंस, तरी विमानतळ इथंच आलं असतं.”

“मला ठावं हाय की. ह्यास्नीबी ठावं हुतं.”

“मग?”

“मग काय? कुनाला तरी धराया पायजे ना, दत्तू. इमानतळाला कुठं धरनार?”

मामांच्या खाटेची सावली ओट्यावर पडली होती. आत्या बोटानं पेव्हर ब्लॉकच्या फटीतली माती उकरत होती. मी म्हणालो, “जमादार रोज विचारतो. माताजी कधी येणार म्हणून.”

“चांगला हाय त्यो,” ती म्हणाली. “त्यो ओंजळीनं प्यायचा. लई बरं वाटायचं बघायला.” मग म्हणाली, “आता न्हाई यायची मी.”

“का?”

ती फटीतली माती उकरत राहिली. मी म्हणालो, “आत्या, पाणी दे.”

“आत हंडा हाय. घे.”

“तू दे.”

“घे तुज्या हातानं.” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “माज्या हातचं नको.”

मी उठलो नाही. तीही उठली नाही. आतल्या खोलीतला हंडा मला दारातून दिसत होता, त्यावर पालथा घातलेला तांब्याही दिसत होता. रांगेतला माझा नंबर केव्हाच गेला असणार. खिशातला फोन दोनदा वाजला, मी घेतला नाही. ओट्यावरचं ऊन सरकत आमच्या पायांवर आलं, तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो. मला खरंच तहान लागली होती.